सातबारा फाटला, शेत जागेवरच!



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री मी घरच्या संगणकावर आमच्या बचत गटाचा हिशोब लिहीत होते. वीज गेली, आली, पुन्हा गेली. सकाळी पाहते तर हिशोब ठेवलेला डी ड्राइव्ह उघडेना. पडद्यावर पाटी आली, 'वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करा.'

पोटात गोळाच आला. १२ बायकांची ८ वर्षांची बचत, कुणाचे कर्ज किती फिटले, सारे त्यात. जुन्या वह्या वाळवीने खाल्लेल्या. घरचे म्हणाले, "तो सांगतोय तसं कर की." पण मी आधी तालुक्याला असलेल्या भाच्याला फोन लावला. तो ओरडलाच, "आत्या, हात लावू नको!"

संध्याकाळी येऊन त्याने समजावले. डिस्कवरची माहिती म्हणजे शेत, आणि कुठला तुकडा कुठे आहे हे सांगणारे दप्तर म्हणजे फाइल सिस्टिम. लिहिता लिहिता वीज गेली की दप्तरातली ओळ अर्धी राहते. सातबारा फाटला म्हणून शेत वाहून जात नाही. मात्र फॉरमॅट करणे म्हणजे जुने दप्तर टाकून कोरे घालणे.

त्याने आधी साऱ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली. त्यात रात्र गेली. मग विंडोजमध्येच असलेली 'चेकडिस्क' ही आज्ञा दिली. तिने दप्तर तपासून नोंदी जुळवल्या. हिशोबाची फाइल उघडली तेव्हा माझे डोळे भरून आले. काही तुकड्यांची नावे पुसली होती. ते एका वेगळ्या फोल्डरमध्ये निघाले.

तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढे ध्यानात ठेवा. त्या डिस्कवर नवे काही लिहू नका. नक्कल घेतल्याशिवाय दुरुस्ती करू नका. डिस्क खडखड वाजत असेल तर संगणक लगेच बंद करा आणि जाणकाराकडे न्या; तिथे चेकडिस्कने नुकसान वाढू शकते.

पुढच्या बैठकीत मी बायांना सारे खरे सांगून टाकले. कुणी रागावले नाही. एक म्हातारी एवढेच म्हणाली, "अगं, बियाणं तरी आपण सगळं एकाच कणगीत ठेवतो का?"

तेव्हापासून दर महिन्याला हिशोबाची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून तिच्याच घरी ठेवते.