बिऱ्हाडाची आवराआवर
गिरगावातल्या चाळीतील दोन खोल्यांचा कबजा सोडून डोंबिवलीस बिऱ्हाड हलवावयाचे निश्चित झाल्यापासून मी जिनसांची तपशीलवार यादी करावयास बसतो खरा. परंतु १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या छत्राखाली तीर्थरूपांनी तारेत ओवून ठेवलेल्या भाडेपावत्या हाती आल्या, की लेखणी थबकते आणि यादी तेथेच राहते. (त्या रद्दीत घालाव्यात, हे सौभाग्यवतींचे मत, ते व्यवहार्य आहे, म्हणूनच असह्य.) बरण्यांभोवती पेंढा भरला, भांडी गोणपाटात बांधली, पाटा-वरवंटा मात्र, हमालाने निराळे पैसे मागितल्यामुळे, शेजारच्या काकूंच्या हवाली केला. देवांचा संपुष्ट मांडीवर घेऊन न्यावयाचा. टेम्पो उद्या सकाळी सहाला येणार आहे. पावत्या कोणत्या ट्रंकेत ठेवल्या, हे मी घरात कोणासही सांगितलेले नाही.