कारंज्याची वानरं आणि कोआलाचा विषाणू

शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून मूर्तिजापूरहून कारंजा लाडला यायचं ते रस्त्यानंच. बहुतेक लोक गुरुमंदिरासाठी येतात. मी निघालो होतो कारंजा-सोहोळ अभयारण्याकडे. काळविटांसाठी राखलेलं हे माळरान जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं, आणि आता समृद्धी महामार्गही त्यातून जातो. दोन्ही बाजूंना तूर, कपाशी, मधूनच निंबावर वानरांची टोळी. ती पाहताना मनात होता ऑस्ट्रेलियातला कोआला. रानातल्या प्राण्यांत विषाणूचा नकाशा बऱ्याच अंशी माणूसच आखतो, हे त्याच्याइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं. त्याच्यातला रेट्रोव्हायरस पेशीच्या डीएनएत स्वतःची प्रत घुसवतो. ती बीजपेशीत पोचली की पिलाला जन्मतःच मिळते. उत्तरेला, क्वीन्सलँडमध्ये, जवळपास सगळ्या कोआलांत ती आहे. दक्षिणेकडे प्रमाण कमी. कातड्यांच्या व्यापारानं दक्षिणेतले कोआला संपत आले, आणि बेटांवर सोडलेल्या मोजक्या जनावरांपासून तिथली पैदास पुन्हा उभी राहिली. या फरकाचा तोही एक धागा. विषाणू मात्र थांबलेला नाही. २०१३ साली त्याचा ‘ब’ प्रकार जाहीर झाला. तो पेशीत वेगळ्याच दारानं शिरतो, आईकडून पिलाला लागतो आणि कर्करोगाशी त्याचा संबंध आढळला आहे.

कोआलाचं वऱ्हाडात काय काम, असं कोणी विचारेल. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २००० साली वानरांतच एक नवा रेट्रोव्हायरस नोंदवला. योगायोगानं कोआलाच्या विषाणूची पूर्ण ओळख पटली तीही त्याच वर्षी. दोघांचं कूळ वेगळं. वानरातला विषाणू ज्या गटातला आहे तो लाळेतून, चावण्यातून पसरतो. म्हणून कोआलाचा हिशेब इथं जसाच्या तसा लागू होत नाही, हे मान्य. पण चावण्यातून पसरणाऱ्याला तर टोळ्या कुठं भिडतात हेच सगळ्यात महत्त्वाचं. रस्ता टोळ्यांना तोडतो, आणि गाडीतून फेकलेली केळी त्यांना एकाच जागी भांडायला आणतात. वानरं धडधाकट दिसतात, मग काळजी कसली, हा दुसरा आक्षेप. दिसण्यावरून विषाणूचा पत्ता लागत नसतो. कोआलात तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही होता, हे कळलं ते संग्रहालयांतल्या जुन्या कातड्यांमुळे. तेव्हा वाहनाखाली सापडलेलं वानर पुरण्याआधी त्याच्या मांसाचा एक तुकडा, तारीख आणि ठिकाण लिहून, वन विभागानं गोठवून ठेवावा. आणि प्रवाशांनी केळी स्वतःच खावीत.