हिचं हिला, तिचं तिला

कोकणातल्या आमच्या घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची केपाची बंदूक होती. भातात डुकरं उतरली की काका बार भरायचे. आधी दारू, मग काथ्याचा बोळा, मग छरे, वर पुन्हा बोळा आणि गजाने ठासणं. दारूचं माप म्हणजे बांबूचं एक नळकांडं. तेच माप शेजाऱ्यांच्या बंदुकीत घातलं तर ती खांद्याला लाथ मारायची. काका म्हणायचे, "हिचं हिला, तिचं तिला."

पुढे नोकरीने पेनसिल्व्हेनियात आणून टाकलं आणि तिथे हरणाच्या शिकारीचा नाद लागला. भारतात कायद्याने कधीच बंद झालेली ही गोष्ट इथे रीतसर परवाना काढून, अंगावर २५० चौरस इंच भडक नारिंगी कापड घालून करतात. याच राज्यात, लँकेस्टरच्या आसपास, अठराव्या शतकात जर्मन वंशाचे कारागीर लांब नळीच्या रायफली घडवत. रायफलीबरोबर तिच्याच मापाचा, गोळ्या ओतायचा साचाही गिऱ्हाइकाला मिळे. नळ्या हाताने केलेल्या, त्यामुळे एकीची गोळी दुसरीला चालेलच असं नसे. हे वाचलं तेव्हा काका आठवले.

माझी रायफल .३०-०६ची, १९०६ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेलं हे काडतूस. नळी यंत्रावर केलेली, तरी नखरे तेच. तिच्यातले आटे १० इंचांत एक फेरा घेतात आणि गोळीला फिरवत बाहेर काढतात, म्हणून ती हवेत कोलमडत नाही. गोळी जितकी लांब, तितका हा फेरा जलद हवा.

रात्री गॅरेजमध्ये काडतुसं पुन्हा भरत बसतो. उडवलेल्या पुंगळीचा जळका केप ठोकून काढायचा, काजळी पुसायची, मान पुन्हा मापात आणायची. सोनाराने गुंजा तोलाव्यात तशी दारू काट्यावर तोलायची. पुस्तकातल्या कमाल आकड्याच्या बरंच खालून सुरुवात. मग प्रेसचा दांडा खाली ओढून गोळी बसवायची. तिचं अंग आट्यांपासून किती अंतरावर राहील, ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचं. बार होताच नळी थरथरते आणि गोळी नेमकी कोणत्या क्षणी तोंडातून सुटते यावर नेम ठरतो, असं म्हणतात. रेंजवर याबद्दल जितकी तोंडं तितकी मतं. तीन गोळ्यांची कागदावरची भोकं एका नाण्याखाली झाकली गेली की मंडळी हुरळतात. त्याच काडतुसांच्या दहा मारायला सांगा, निम्मं कौतुक तिथेच ओसरतं. शिवाय शिकाऱ्याला मिळते ती गार नळीतली पहिली गोळी. मी तेवढीच वहीत लिहून ठेवतो.

खरं तर हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग आठेक इंचांचा असतो, आणि इथल्या झाडीत शंभर यार्डांपलीकडचं क्वचितच दिसतं. अर्ध्या इंचाचा हट्ट हरणासाठी नसतो, आपल्यासाठी असतो. असू दे.

माझ्या नळीची लाडकी गोळी होती तांब्याच्या वेष्टनातल्या शिशाची, १८० ग्रेनची. पण शिसं अंगात फुटतं आणि त्याचे बारीक कण जखमेपासून दूरवर मांसात पसरतात. आतडी जंगलातच टाकतात. ती खाऊन कॉन्डर पक्षी शिसं बाधून मरत होते, म्हणून कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९पासून शिकारीला शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची निव्वळ तांब्याची गोळी लांब होते आणि पुंगळीत दारूची जागा खाते. मीही तांब्याकडे वळलो तेव्हा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागला. नळीने १८०ला नाक मुरडलं, १५०ला पसंती दिली.

पेनसिल्व्हेनियात अशी सक्ती नाही. तांब्याची गोळी महागही पडते. पण हरणामागे लागते एक, फार तर दोन, आणि ते मांस घरातली पोरं खातात. शिशाची उरलेली पेटी कागदावर नेम धरून संपवा. जंगलात तांबंच न्या.