डावे कोणाचे?

घारापुरीच्या लेण्यातील अर्धनारीश्वरासमोर उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाला देवीचे अंग आपल्या उजव्या हाताला दिसते. शिल्पशास्त्र मात्र ते वामांग मानते, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. डावे म्हणजे देवाचे डावे, हा संकेत सर्वांना ठाऊक असतो.

संकेत अध्याहृत राहिला तर केवढे ज्ञान पणास लागते, हे हरियाणातील मानेसर येथे पाहावे. तेथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र 2003 साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी राष्ट्राला अर्पण केले. नंदिनी सिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी देवनागरी वाचणाऱ्यांच्या मेंदूच्या चुंबकीय प्रतिमा अभ्यासल्या. 2009 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की या वाचनात डाव्या गोलार्धाबरोबर उजव्या गोलार्धाचाही सहभाग असतो. आपल्या लिपीविषयीचे हे विधान ‘डावे’ आणि ‘उजवे’ या दोन शब्दांच्या आधारावर उभे आहे.

प्रतिमेची फाइल ही वस्तुतः अंकांची रास होय. कोणता अंक कोठला, हे तिच्यासोबतची नोंद सांगते, आणि त्या नोंदीचा अर्थ कोशावरून लागतो. रुग्णालयांतील यंत्रे 1993 पासून डायकॉम या नावाने ओळखली जाणारी प्रमाणपद्धती पाळतात. तिचा सहावा भाग म्हणजे असा कोशच. तीत पहिला अक्ष रुग्णाच्या डावीकडे वाढतो, दुसरा पाठीकडे. मेंदूसंशोधकांच्या निफ्टी या पद्धतीत पहिला उजवीकडे वाढतो, दुसरा पुढे. तिसरा अक्ष दोहोंत मस्तकाकडेच जातो. म्हणून एकीतून दुसरीत जाताना पहिल्या दोन अक्षांची चिन्हे पालटावी लागतात.

निफ्टीपूर्वी प्रचलित असलेल्या अ‍ॅनालाइझ या मांडणीत दिशेची नोंद निःसंदिग्ध नव्हती. मेंदूचे दोन गोलार्ध एकमेकांच्या प्रतिबिंबासारखे असल्याने उलटलेली प्रतिमाही निर्दोष दिसे. चूक झाली तरी डोळ्यांना कळत नसे. ही उणीव दूर करणे हे निफ्टीच्या निर्मितीमागील एक प्रमुख कारण होते.

दोन्ही कोश आजही नांदत आहेत. एकाने दुसऱ्याला गिळावे, अशी गरज पडली नाही. प्रत्येकाने आपण कोठे उभे राहून मोजतो, हे स्पष्ट लिहिले, म्हणजे देवाणघेवाण निर्वेध होते. दोन भाषांतील संज्ञा शेजारी मांडणाऱ्या तुलनाकाराने हे ध्यानी घ्यावे. ‘डावे’ हा शब्द दोहोंकडे असतो. तो कोणाच्या अंगाने उच्चारला आहे, हे मात्र विचारून घ्यावे लागते.