अलंकाराची मर्यादा

तंजावरी चित्रे करणे हाच ज्याचा उदरनिर्वाह, त्याने चेन्नईतील एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात जाऊन चित्रांपुढेच खोळंबावे, अशी लोकांची रास्त अपेक्षा असते. परंतु मांबलमला लोकल पकडून मी तेथे जातो तो बहुधा कांस्यमूर्तींसाठी, आणि राजा रविवर्म्याच्या तैलचित्रांना ओळखीचा नमस्कार करून पुढे सरकतो. अमरावतीच्या शिलापट्टांपैकी नलगिरी हत्तीचा वर्तुळाकार पट्ट तेवढा मला अडवतो, कारण एकाच वर्तुळात आधी माणसे तुडवणारा आणि मग बुद्धापुढे गुडघे टेकणारा असा तो दोनदा येतो, तरीही दाटी म्हणून जाणवत नाही.

माझी खरी आसक्ती तिरुवेंकाडूच्या अर्धनारीश्वरावर. अकराव्या शतकातील ही चोळ मूर्ती. शिवाच्या बाजूस दोन हात, पार्वतीच्या बाजूस एकच. उजव्या मांडीवर वस्त्र आखूड, डाव्या पायावर ते खाली उतरत गेलेले. आणि एवढे भेद सांभाळूनही, दोन देह नेमके कोठे जुळले हे शोधू गेलेली नजर कटीच्या वळणावरून निमूट घसरत खाली येते. अलंकार आहेत, पण देहाची रेषा जेथे बोलू लागते तेथे ते अदबीने बाजूला होतात.

आमच्या धंद्यात याच्या उलट कारभार. फणसाच्या फळीवर कापड चिकटवायचे, त्यावर खडूचे थर देऊन घोटायचे, मग डिंकात कालवलेल्या लगद्याने दागिने उठवून त्यांवर खडे आणि सोन्याचा वर्ख बसवायचा. म्हणजे अलंकार हा चित्रावर मागाहून चढलेला पाहुणा. ओतकामात, जे कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त बाराव्या शतकातच नोंदवून ठेवले, मेणाच्या देहावर मेणाचेच हार घालतात, माती लिंपून भाजतात, मेण वितळून जाते आणि त्याच्या जागी धातू उतरतो, देह आणि दागिना एकाच रसात जन्मतात. माझ्या मते त्या मूर्तींची अर्धी सुसंगती येथूनच येते. उरलेली अर्धी मात्र कारागिराच्या संयमातून.

तिरुवालंगाडूच्या नटराजाची प्रभावळ आज उरलेली नाही. मूर्तिकाराने ती केलीच असणार, आणि तिच्यावाचून मूर्ती मला अधिक भावते असे म्हणणे थोडे अधार्मिकच. पण ज्वालांचे कडे नसल्यामुळे उचललेल्या पायाचा सगळा तोल उघडा दिसतो. ही ओढ माझ्या एकट्याची नव्हे; रोदाँ हा फ्रेंच शिल्पकार हिंदुस्थानात कधी आला नाही, तरी मद्रासच्या नटराजाची छायाचित्रे पाहूनच त्याने त्यावर लेख लिहिला.

म्हणून तंजावरच्या सरफोजीराजांच्या अमदानीत बहरलेल्या आमच्या कलेला मी कमी लेखतो असे नव्हे. ते सोने देवघरातील समईच्या उजेडासाठी होते. हलत्या ज्योतीत कृष्णाचे मुखही हलल्यासारखे भासावे, यासाठी वर्ख हवाच होता. आता चित्र विजेच्या नळीखाली टांगले जाते आणि तेच सोने डोळ्यांवर येते. म्हणून अलीकडे मी बालकृष्णाच्या दंडावर एकच वाकी ठेवतो, खांद्यापासून कोपरापर्यंतची बाकीची रेषा मोकळी सोडतो, आणि खडे कमी म्हणून दर कमी करा, असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी निवांत घासाघीस करतो.