चपलेच्या शॉटला हात लावू नकोस

पवई, मुंबई ४०००७६

चि. चिऊ,


घरच्या जुन्या कॅसेट उतरवलेली हार्ड डिस्क मेलबर्नला पोचली म्हणालीस, बरं वाटलं. पाठोपाठ तक्रारही आली: "आत्या, विसर्जनाच्या फाइलमध्ये कितीतरी वेळ नुसती पाठमोरी डोकी आणि मग कुणाची तरी चप्पल. कापून दहा मिनिटांचं करू का?" कर की, खुशाल कर. पण कापायचं ते छोट्या फाइलमधून. मोठीला हात लावायचा नाही. फोनवर कारण सांगायला घेतलं की नेमकी तुझी ट्रॅम येते, म्हणून हे लिहितेय.

आधी तुला आवडलेली लग्नाची कॅसेट. तुझ्या आईबाबांचं लग्न १९८९चं, मुलुंडच्या हॉलमधलं. तेव्हा शूटिंगवाल्याबरोबर एक पोरगा हॅलोजनचा दिवा उचलून फिरायचा. तो भगभगीत उजेड अंगावर आला की माणसं जेवायची थांबून ताठ बसत, त्यामुळे अख्ख्या पंगतीत कुणाच्याही तोंडात घास नाही. पुढे स्टुडिओत मिक्सिंग. बदामाच्या आकारात नवरानवरी, फुलांच्या परडीतून वर येणारे चेहरे, आणि मूळ आवाज पुसून वर सनई नि सिनेमाची गाणी. तुझी पणजी मंगलाष्टकं म्हणताना ओठ हलवते आणि ऐकू येतं भलतंच द्वंद्वगीत. तिचा आवाज मिक्सिंगमध्येच गेला. कच्ची कॅसेट आम्ही कधी मागितली नाही. त्या काळात कुणीच मागत नसे. तिच्यावर पुढच्या मुहूर्ताला दुसऱ्याचं लग्न भरलं असणार.

विसर्जनाच्या कॅसेटला मिक्सिंगवाला लाभला नाही, हे तिचं नशीब. मस्कतचे काका १९९२च्या गणपतीला आले होते आणि त्यांनी व्हिडिओ एट कॅमेरा आणला होता. पवई तलावाचा गणेश घाट, ही गर्दी, मागे हिरानंदानीच्या अर्धवट इमारती आणि त्यांना वेढलेली बांबूची परांची. तुला ती जागा फक्त उंच इमारतींची माहीत आहे. १८९१ साली बांधून झालेला हा तलाव. त्याच्या काठचं एवढं मोकळं आभाळ आमच्याकडे दुसरीकडे कुठेही टिपलेलं नाही. आणि त्या गर्दीतून अण्णा ओरडतात, "अरे पाट सोडू नकोस, पाट घरी न्यायचाय!" तुझे आजोबा तुझ्या जन्माआधी गेले. त्यांचा आवाज म्हणून घरात जे काही आहे, ते या कॅसेटवर.

आता चप्पल. काका कॅमेरा बंद करायला विसरले आणि तो तसाच खांद्याला लटकवून निघाले. म्हणून रस्ता दिसतो, चपला दिसतात, मधेच आजीच्या साडीचा काठ येतो. चित्र नको बघूस, कान दे. आजी म्हणते रिक्षा करू या, अण्णा म्हणतात एवढ्याशा अंतराला रिक्षा कशाला. ती म्हणते पाट तुम्ही धरणार का. ते म्हणतात मीच तर धरलाय. पुढे बराच वेळ हेच चाललंय, रागाशिवाय, सवयीनं. कॅमेरा चालू आहे हे कळलं असतं तर दोघंही एक अक्षर बोलली नसती.

२००४च्या सुमारास इथल्याच एका दुकानातून आम्ही या कॅसेटच्या सीडी करून घेतल्या होत्या. दुकानदारानं आपण होऊन "बोअर पार्ट" गाळून दिला. चप्पल गेली, भांडण गेलं. उरलेलं चित्रही ३५२ बाय २८८ ठिपक्यांत दाबलेलं. त्या सीडी आता लागतही नाहीत. कॅसेट मात्र तुझ्या बाबांनी टाकून दिली नव्हती, एवढी एक गोष्ट त्यांनी शहाणपणाची केली.

अर्थात माळ्यावर पडून तीही धड राहिली नव्हती. तलावाकाठची हवा आणि चार महिने पाऊस. टेप म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय भुकटीचा थर, आणि तो थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ हवेतलं पाणी पितो. मग टेप चिकट होते, भुकटी सुटते, गुंडाळीच्या कडेवर पांढरी बुरशी धरते. बुरशीची कॅसेट तशीच मशीनमध्ये घातली तर हेड खराब होतं आणि लागण पुढच्या कॅसेटला. लॅमिंग्टन रोडच्या एका कारागिरानं टेप बाहेर काढून कोरडी साफ केली, जुन्या व्हीसीआरचा विरघळलेला रबरी बेल्ट बदलला, आणि प्रत्येक कॅसेटनंतर हेड अल्कोहोलनं पुसलं. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं. आता जी काही मशीन आहेत ती असल्या माणसांच्या हातावर चालतात.

आवाज का टिकला हेही त्यानंच सांगितलं. साध्या व्हीएचएसमध्ये आवाजाची पट्टी टेपच्या अगदी कडेला असते, आणि बुरशी नि चुरगळणं कडेपासूनच सुरू होतं. व्हिडिओ एटमध्ये आवाज चित्राबरोबरच, त्याच फिरत्या हेडनं टिपला जातो. म्हणून अण्णा इतके स्वच्छ ऐकू येतात.

डिस्कवर प्रत्येक कॅसेटच्या दोन फाइली का, ते आता लक्षात येईल. एमकेव्ही आहे ती मोठी, तासाला पंचवीस-तीस जीबी, काहीही न गाळता उतरवलेली. एमपीफोर बघायला आणि ग्रुपवर टाकायला. मोठीत कुणी हात हलवला की कडा दातेरी दिसतील. तो बिघाड नाही; जुन्या टीव्हीसाठी सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं टिपलेली असत, एकदा विषम ओळी, एकदा सम. प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू कर, दिसेनासं होईल. मूळ फाइलमध्ये ते तसंच राहू दे.

कॅसेट उतरवून घेण्याची ही घाई उगाच नाही. तुमच्या कॅनबेराच्या नॅशनल फिल्म अँड साउंड आर्काइव्हनं २०१५ मध्येच इशारा दिला होता की २०२५ नंतर चुंबकीय टेपवरचं बरंचसं वाचवता येणार नाही. एवढ्या मोठ्या संस्थेला धाकधूक, तर आपला माळा कोण? आणि आपल्याकडची परंपरा तर हरवण्याचीच. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १९०१ साली केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ परांजप्यांच्या मुंबईतल्या स्वागताचं चित्रण केलं. परदेशी शिकून मुलगा घरी येतो नि कुणीतरी कॅमेरा लावतं, यापेक्षा घरगुती प्रसंग कुठला? ती फिल्म आज नाही. पुढे निघालेल्या तेराशेच्या आसपास मूकपटांतलेही मोजकेच उरले.

तुझ्याकडून दोन कामं हवीत. त्या डिस्कची तिथेच आणखी एक प्रत कर आणि ती घरात नको, दुसरीकडे ठेव. इथली प्रत माझ्या कपाटात आहे, पण पुन्हा तोच तलाव नि तोच पाऊस. दुसरं काम तू जानेवारीत आलीस की. तोवर आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल. तिला लॅपटॉपसमोर बसव, फाइल थांबवत थांबवत चालव आणि कोण कुठे उभं आहे ते मिनिट-सेकंदासकट लिहून घे. घाटावर अण्णांच्या डावीकडे जांभळ्या साडीतली बाई आहे, ती कोण हे मला सांगता येत नाही, तुझ्या बाबांनाही येत नाही. आजीला येतं. तारखा ठरल्या की कळव, म्हणजे त्या आठवड्यात मी दुसरं काही ठेवणार नाही.

तुझी,
आत्या