उसने आणि उचललेले

आपल्या भाषेत घेण्याचे प्रकार पुष्कळ आहेत. आपण मागून घेतो, उसने घेतो, उधारीवर घेतो, वाटणीत घेतो. आणि कुणाला न सांगता घेतले की ‘उचलले’ असे म्हणतो. वाटीभर साखर शेजारून आणली तर ती उसनी असते. ती परत करताना वाटी रिकामी देऊ नये, हा संकेत बडोद्याच्या जुन्या वाड्यांतून अगदी परवापर्यंत पाळला जाई. तीच साखर शेजारीण घरी नसताना तिच्या डब्यातून काढली तर त्या कृतीचे नाव बदलते. साखर तीच, वाटीही तीच. बदलते ते फक्त सांगणे. विद्यापीठांतून ज्याला आज वाङ्मयचौर्य म्हणतात, त्याचे मर्मही मला या सांगण्या-न सांगण्यातच दिसते.

हा विषय संगणकाबरोबर आला, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. दहाव्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेल्या राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त दुसऱ्याचे शब्द आणि दुसऱ्याचा अर्थ घेण्यावर तीन अध्याय आहेत. राजशेखर कनोजच्या दरबारात असला तरी त्याच्या घराण्याचा संबंध महाराष्ट्राशी होता. म्हणजे आपल्यासारखाच तो घरापासून दूर स्थिरावलेला. त्याचा हा ग्रंथ १९१६ साली प्रथम छापला गेला तो आपल्या बडोद्यात, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून. ज्या ग्रंथमालेने पुढे शेकडो दुर्मीळ पोथ्यांना प्रकाश दाखवला, तिचा शुभारंभ उसनवारीची चर्चा करणाऱ्या ग्रंथाने व्हावा, या योगायोगाचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

राजशेखर कठोर नाही. दुसऱ्याच्या अर्थाचे केवळ प्रतिबिंब उमटवणे, त्यावर थोडे रंगकाम करणे, दोन देहांसारखे केवळ सारखेपण असणे आणि मूळ अर्थात प्रवेश करून त्याला नवे रूप देणे, अशा पायऱ्या तो लावतो. कवी आणि व्यापारी यांना एकाच रांगेत बसवून, यांपैकी अगदी निर्मळ कुणीच नाही, असे तो मिस्कीलपणे सुचवतो. मात्र इतर चोऱ्या काळाच्या ओघात विसरल्या जातात, शब्दांची चोरी तेवढी नातवंडांच्या काळापर्यंत मागे लागते, हा इशाराही तो देऊन ठेवतो.

या चर्चेत त्याने आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत दिले आहे आणि ते तिच्या नावानिशी दिले आहे. घेणारा मनाशी कोणकोणत्या सबबी रचतो, त्यांची जी यादी ती देते ती वाचताना हजार वर्षे मधली गळून पडतात. तो अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध आहे. त्याची भाषा कुणी मानत नाही, माझी मानतात. ते जाणणारे आता राहिले नाहीत. त्याचा कर्ता दूरदेशी आहे. विद्यापीठांच्या परीक्षक मंडळांवर काम करताना यांतली प्रत्येक सबब मी थोड्या वेगळ्या शब्दांत ऐकली आहे. ‘दूरदेशी आहे’ ही सबब तर आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींच्या लेखनाबाबत विशेष सोयीची ठरते.

मराठीत या व्यथेला सर्वांत तीव्र वाचा फोडली ती तुकोबांनी. संतांची वचने मोडूनतोडून आपली म्हणून मिरवणाऱ्या सालोमालोवर त्यांनी अभंगांतून कोरडे ओढले आहेत. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ बोलपटामुळे हे नाव घरोघर पोचले आणि त्याला खलनायकाचा रंग चढला. पण तुकोबांची तक्रार ‘माझे श्रेय गेले’ एवढीच नाही. दुसऱ्याचे म्हणून जे होते ते आपले म्हणताना त्याची नासाडी झाली, हे त्यांचे खरे दुःख आहे. उलटा अपराधही आपल्या परंपरेने ओळखला आहे. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीत कुणी स्वतःची ओवी घुसडील तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे होईल, असे त्यांनी बजावले. दुसऱ्याचे आपल्या नावावर घालू नये, तसे आपलेही दुसऱ्याच्या नावावर खपवू नये. आणि ज्ञानदेव स्वतः काय करतात? आपण व्यासांच्या मागावरून चाललो आहोत आणि भाष्यकारांना वाट विचारीत आहोत, असे ते ग्रंथाच्या शेवटी मोकळेपणी सांगतात. ज्या ग्रंथाच्या स्वतंत्र प्रतिभेविषयी कुणाला शंका नाही, त्याच्या कर्त्याला वाट विचारल्याचे सांगण्यात कमीपणा वाटला नाही.

आता आजच्या काळाकडे येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये याविषयी नियम केले. प्रबंधातील मजकूर इतरत्र असलेल्या मजकुराशी किती जुळतो हे संगणक मोजतो. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही आणि साठाच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. संदर्भासहित दिलेली अवतरणे, संदर्भसूची, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळले जातात. व्यवस्था आवश्यक होती. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात देशभरचे प्रबंध सर्वांना वाचायला खुले झाले, त्यानेही पुष्कळांना जरब बसली. परंतु त्याच नियमांत वाङ्मयचौर्याची जी व्याख्या आहे तीत दुसऱ्याचे काम ‘किंवा कल्पना’ आपली म्हणून मांडणे, असे म्हटले आहे. कल्पना टक्क्यांत मोजता येत नाही. व्याख्या एक सांगते आणि मोजपट्टी दुसरेच मोजते. विद्यार्थी अर्थातच मोजपट्टीकडे पाहून लिहितो.

याचा प्रत्यय काही वर्षांपूर्वी आला. एका विद्यापीठाने लोकसाहित्यावरचा एक मराठी प्रबंध बाह्य परीक्षक म्हणून माझ्याकडे पाठवला. सोबत साम्याचा अहवाल होता: सात टक्के. तिसरे प्रकरण गुजरातेत स्थायिक झालेल्या मराठी स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्यांचे होते. वाचू लागलो आणि वाक्ये ओळखीची वाटू लागली. आमच्याच गावातील एका वयोवृद्ध बाईंनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी घरोघर हिंडून या ओव्या टिपून घेतल्या होत्या आणि अशाच एका छोट्या त्रैमासिकातून टिपांसह पाच हप्त्यांत छापल्या होत्या. कपाटातून ते अंक काढून मी शेजारी ठेवले. ओव्या त्याच, क्रम तोच, टिपाही त्याच. संपूर्ण प्रकरणात बाईंचे नाव एकदाही नव्हते. ते अंक कुठल्याही संगणकात नसल्याने यंत्राला त्यांची गंधवार्ता असण्याचे कारणच नव्हते.

सर्वांत बोलका पुरावा एका चुकीने दिला. एका ओवीत बहिणीकडे येणारा भाऊ ‘सावलीवरून’ निघाल्याचा उल्लेख आहे. बाईंच्या छापील टिपेत सावली म्हणजे झाडाची छाया, असा अर्थ दिला होता. प्रबंधात तोच अर्थ घेऊन माहेरच्या छायेच्या प्रतीकावर दीड पान विवेचन केले होते. बडोद्यापासून थोड्या अंतरावर सावली नावाचे तालुक्याचे गाव आहे, पिलाजीराव गायकवाडांच्या स्मृतीशी ते जोडलेले आहे, हे आपल्यापैकी कुणालाही सांगावे लागणार नाही. भाऊ गावाहून निघाला होता. आमच्या प्राच्यविद्या मंदिरात रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा पंडितांनी पोथ्यांची नाती जुळवली ती याच न्यायाने. दोन पोथ्यांत बरोबर पाठ सारखा असेल तर फारसे सिद्ध होत नाही, पण चूक सारखी असेल तर एक दुसरीवरून उतरली असावी असा तर्क करता येतो. तरीही जुने लेखनिक चोर नव्हते. समोर जसे दिसले तसे लिहिले, असे ते पोथीच्या शेवटी प्रांजळपणे लिहून ठेवीत.

मी प्रबंध सुधारणेसाठी परत पाठवावा असा अभिप्राय दिला आणि अंकांच्या छायाप्रती जोडल्या. मग दूरध्वनी सुरू झाले. मार्गदर्शक म्हणाले, “अहो, सातच टक्के आहे. नियमात बसतंय.” मुलीच्या वडिलांचा आणि माझा जुना परिचय, गणेशोत्सवात आम्ही एकत्र काम केलेले. ते म्हणाले, “काका, तिची नोकरी यावर अडकली आहे. आपल्यातलीच मुलगी आहे हो.” मी त्यांना एवढेच म्हणालो की ज्यांनी ओव्या जमवल्या त्या बाईही आपल्यातल्याच आहेत. पुढे वर्षभर आमचे बोलणे बंद होते. लहानशा समाजात या अबोल्याची किंमत काय असते, ते बाहेरगावी राहणाऱ्या मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढचे मला त्या मुलीकडूनच कळले. मौखिक परीक्षा पार पडल्यानंतर ती मला भेटायला आली. प्रबंध परत आल्यावर प्रथम ती रागावली होती. नंतर मार्गदर्शकांनीच तिला बाईंकडे पाठवले. बाईंनी आपल्या जवळच्या अंकात पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या तिच्यापुढे ठेवल्या. सावली हे गाव असल्याचे त्यांना अंक छापून झाल्यावर लक्षात आले होते; त्यांनी शुद्धिपत्र पाठवले, पण ते छापायचे राहून गेले. अशा अकरा दुरुस्त्या होत्या. शिवाय जागेअभावी छापल्या न गेलेल्या चाळीसेक ओव्यांची वही. मुलीने ते प्रकरण नव्याने लिहिले, पहिल्याच पानावर बाईंचे नाव घातले, आणि छापील अर्थ का बदलला हे तळटिपेत नोंदवले. दुसऱ्या वाचनात मला ते प्रबंधातले सर्वांत भक्कम प्रकरण वाटले. तिने पहिल्यांदाच वाट विचारली असती तर सावलीचे गाव तिला तेव्हाच सापडले असते.

ही मुलगी मुळात आळशी नव्हती. आपण तिला शिकवलेच नव्हते. शाळेत पाठ्यपुस्तकातील उत्तर शब्दशः लिहिले की पूर्ण गुण मिळतात, महाविद्यालयात मार्गदर्शिका पाठ केली की वर्ग मिळतो, आणि पीएच.डी.च्या उंबरठ्यावर एकदम सांगितले जाते की आजवर ज्याला अभ्यास म्हणत होतात तो अपराध आहे. खरे तर सवयी साध्या आहेत. टिपण काढताना पुस्तकाचे नाव आणि पृष्ठांक आधी लिहावा, मजकूर नंतर. दुसऱ्याचे शब्द उतरवले की लगेच अवतरणचिन्हे घालावीत, कारण सहा महिन्यांनी ते आपलेच वाटू लागतात. सारांश लिहायचा तर पुस्तक मिटून लिहावा. उघडे ठेवून लिहिलेला सारांश बहुधा शब्दांची अदलाबदल ठरतो. इंग्रजी, हिंदी वा गुजरातीतून मराठीत आणलेला विचारही उसनाच असतो, भाषांतराने त्याची मालकी बदलत नाही. आणि कुणी तोंडी सांगितले असेल तर सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि दिवस नोंदवावा.

आता तर यंत्रे स्वतःच निबंध लिहून देतात आणि प्रसंगी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांचे संदर्भही जोडतात. तो मजकूर कुणाशीच शब्दशः जुळत नसल्याने टक्केवारीच्या चाळणीतून सहज निसटू शकतो. म्हणून परीक्षकाला जुनाच प्रश्न विचारावा लागेल: हे तुम्हाला कुणी सांगितले, आणि मी त्याच्याकडे जाऊ शकतो का?

आपल्यासारख्या जुन्या घराण्यांचा या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. आपला इतिहास मोठ्या ग्रंथांत फारसा नाही. तो मंडळांच्या स्मरणिकांत, घरच्या वह्यांत, पत्रांच्या पुडक्यांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत आहे. तेथे उचललेले यंत्राला दिसत नाही. आणि एकदा नाव तुटले की चुकीची दुरुस्तीही कुणाकडून करून घेता येत नाही. तेव्हा संशोधक दाराशी आला तर त्याला विन्मुख पाठवू नये. कागद अवश्य दाखवावेत, पण ते कुणाचे, कुणी लिहिलेले, केव्हाचे, हे पहिल्या पानावर लिहून मगच द्यावेत. छायाचित्रांच्या मागे नावे घालावीत. त्या बाईंच्या वहीवर आता त्यांचे नाव आहे आणि ओव्या सांगणाऱ्या बायकांची नावे, जेवढी त्यांना आठवली तेवढी, शेवटच्या पानावर आहेत. वहीची एक प्रत आमच्या मंडळाच्या ग्रंथालयात ठेवली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी यावे.